आठ हजारांच्या आतला स्मार्टफोन

सॅमसंगने ऑगस्ट २०११ मध्ये आपल्या गॅलक्सी फोनांना नावं द्यायची नवी पद्धत जाहीर केली. एस म्हणजे सुपर स्मार्ट, आर म्हणजे रॉयल, डब्ल्यू म्हणजे वंडर, एम म्हणजे मॅजिकल आणि सगळ्यात खाली वाय म्हणजे यंग. तळाच्या फोनला तरुण म्हणायची ही विक्रेत्याची चलाखी होती, पण भारतात ती खरी ठरली. त्याच वर्षी आलेला गॅलक्सी वाय आठ हजारांच्या आत मिळायचा आणि कॉलेजातल्या असंख्य पोरापोरींच्या हातात पडलेला हा पहिला स्मार्टफोन होता. तीन इंची स्क्रीन, दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा, ८३२ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, तीनशे एमबीहून कमी रॅम. ॲप ठेवायला जागा जेमतेम १८० एमबी.

ही जागा किती कमी होती ते पहिल्याच महिन्यात कळायचं. व्हॉट्सॲप घेतलं, फेसबुक घेतलं, ऑपेरा मिनी घेतलं, अँग्री बर्ड्ससारखा एखादा खेळ टाकला की जागा अपुरी असल्याची सूचना झळकायची. मग चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत पाहुणा आल्यावर होते तशी हलवाहलव सुरू. खेळ काढा, फेसबुक ब्राउझरमधूनच बघा, फोटो कार्डावर टाका. ॲप कार्डावर हलवायची सोय अँड्रॉइडमध्ये होती, पण ॲपचा थोडा भाग फोनमध्येच राहायचा आणि हळूहळू फुगत जायचा. ज्यांना जरा कळत होतं ती पोरं फोन 'रूट' करून मेमरी कार्डाचे दोन भाग पाडायची आणि फोनला फसवून कार्डालाच घरचं स्टोरेज मानायला लावायची. यात अधूनमधून फोन कायमचा आडवा व्हायचा. पण त्या वयात एवढी जोखीम घेण्याइतका वेळ असतो.

स्वस्त फोन तेव्हाच्या कामापुरता बनवला जातो आणि विकला गेल्यावर त्याच्यावर पुढची कामं येऊन पडतात. गेल्या पंधरा वर्षांत फोनची किंमत किती खाली आली हे पुष्कळांनी मोजलं. त्याच फोनवर कामाचा बोजा किती चढला, याचा हिशेब मात्र फारसा कुणी मांडलेला नाही.

आठ हजारांचा आकडा स्वस्त वाटण्यापर्यंत यायलाही देशाला सोळा वर्षं लागली होती. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत दळणवळण मंत्री सुखराम यांना फोन केला, तो देशातला पहिला मोबाइल कॉल. त्या काळी गर्दीच्या वेळी मिनिटाला सोळा रुपयांहून जास्त पडत आणि आलेल्या कॉलचेही पैसे मोजावे लागत. इनकमिंग फुकट झालं ते मे २००३ मध्ये. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात रिलायन्सने 'मान्सून हंगामा' योजना आणली: ५०१ रुपये भरा, हँडसेट घरी न्या, बाकीचं हप्त्याने फेडा. नोकियाचा टॉर्चवाला ११०० हाही २००३ सालचाच. जगभरात तो पंचवीस कोटींहून जास्त विकला गेला आणि भारनियमनाच्या महाराष्ट्रात त्याचं कौतुक टॉर्चपासून सुरू व्हायचं, हे वेगळं सांगायला नको. या फोनांनी लोकांना बोलायला शिकवलं आणि न बोलता काम भागवायलाही. 'पोचलो की मिस कॉल देतो' हा एक रुपयाही न लागणारा निरोप याच काळातला.

त्यानंतर आला चायना मोबाइल. तैवानच्या मीडियाटेकने जवळपास अख्खा फोन एकाच चिपवर तयार करून द्यायला सुरुवात केली आणि चीनच्या शेन्झेनमधल्या छोट्या कारखान्यांना फोन जोडणं सोपं झालं. मुंबईत मनीष मार्केटपासून तालुक्याच्या बसस्टँडपर्यंत हे फोन पोचले. दोन सिम, मोठी बॅटरी, टीव्हीची ओढून लांब करायची अँटेना, आणि शेजारच्या आळीपर्यंत ऐकू जाणारा स्पीकर. मोठ्या कंपन्या तेव्हा दोन सिमना नाकं मुरडत होत्या. एका सिमवर इनकमिंग आणि दुसऱ्यावर स्वस्त पॅक हे गिऱ्हाइकाचं गणित त्यांना फार उशिरा कळलं. नोकियाचा पहिला दोन सिमवाला फोन २०१० साली आला.

या फोनांची अडचण एकच होती. प्रत्येक फोनला ओळखीसाठी पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक लागतो, तो यातल्या कित्येकांना नव्हताच. मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यानंतर सुरक्षेचा मुद्दा ऐरणीवर आला आणि ३० नोव्हेंबर २००९ नंतर असे फोन नेटवर्कवरून बंद करायचे, असा सरकारी आदेश निघाला. तेव्हाच्या बातम्यांत अशा फोनांचा अंदाज अडीच कोटींच्या घरात होता. मग सरकारच्या संमतीने ठरावीक केंद्रांवर १९९ रुपयांत फोनमध्ये खरा आयएमईआय भरून द्यायची सोय झाली. आपल्या फोनची नोंद व्हावी म्हणून पैसे मोजून रांगेत उभी राहिलेली ही माणसं कुठलाही गुन्हा करून आली नव्हती. दुकानात मिळालं ते त्यांनी विकत घेतलं होतं, एवढंच.

चायना मोबाइलने शिकवलेला धडा देशी कंपन्यांनी उचलला. मायक्रोमॅक्सचा पहिला गाजलेला फोन एकदा चार्ज केला की महिनाभर चालतो अशी जाहिरात करून विकला गेला, कारण वीज नसलेल्या गावात कॅमेऱ्यापेक्षा बॅटरी मोलाची होती. पाठोपाठ कार्बन, लाव्हा, इंटेक्स, स्पाइस. २०१२ च्या अखेरीस मायक्रोमॅक्सचा कॅनव्हास २ आला. पाच इंची स्क्रीन आणि किंमत दहा हजारांच्या आत. २०१४ च्या शेवटच्या तिमाहीत मायक्रोमॅक्सने भारतात सॅमसंगलाही मागे टाकलं, असं कॅनॅलिस या संस्थेने सांगितलं. सॅमसंगला ते मान्य नव्हतं. तोवर शर्यतीत तिसरेच शिरले होते. मे २०१४ मध्ये मोटो ई ६,९९९ रुपयांना, सप्टेंबरमध्ये शाओमीचा रेडमी १एस ५,९९९ रुपयांना. हे फोन दुकानात नव्हते. ठरल्या वेळी संगणकासमोर बोट रोखून बसायचं आणि विक्री उघडताच दाबायचं. रेडमीचे चाळीस हजार नग काही सेकंदांत संपल्याचं कंपनीने जाहीर केलं. कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याला या व्यवहारात जागाच नव्हती. त्याच्याकडे उरलं ते टेम्पर्ड ग्लास, कव्हर आणि दुरुस्ती.

हा दुरुस्तीवाला नसता तर स्वस्त स्मार्टफोन एवढा टिकलाच नसता. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एसटी स्टँडसमोरची पाच-सहा दुकानं. काचेच्या काउंटरवर दिवा, भिंग, सोल्डरिंगची गन आणि डब्यांत सुटे केलेले मेलेले फोन. इथली भाषा कंपनीच्या माहितीपत्रकात सापडत नाही. टच गेला की डिस्प्ले, ते आधी ठरवायचं. दोन्ही गेलं असेल तर कॉम्बो टाकायचा. ओरिजिनल हवा की कॉपी, हे गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. चार्जिंग होत नसेल तर पिन बदलायची, फोन सारखा हँग होत असेल तर सॉफ्टवेअर मारायचं. सॉफ्टवेअर मारलं की फोन पहिल्या दिवसासारखा पळायचा आणि तीन-चार महिन्यांनी त्याच काउंटरवर परत यायचा. बॅटरी काढता येत होती तोवर घरगुती इलाजही होता: मागचं झाकण उघडा, बॅटरी काढा, जरा थांबा, परत बसवा. चिमट्यात बॅटरी धरून रंगीत दिवे लुकलुकवणारा तो चार्जर टपरीवर स्वस्तात मिळायचा, आणि सुट्टी बॅटरी बाळगणारा माणूस गावात श्रीमंत वाटायचा.

दुकानाचा दुसरा धंदा कार्ड भरून देण्याचा होता. जिओचं नेटवर्क येण्यापूर्वी एक जीबी थ्रीजी डेटाला अडीचशे रुपयांच्या आसपास पडत. मग गाणी कोण डाउनलोड करणार? लोक कार्ड दुकानदाराकडे द्यायचे, तो दहा-वीस रुपयांत आनंद शिंद्यांची गाणी, भीमगीतं, कीर्तनं, दादा कोंडक्यांचे सिनेमे ठासून भरून द्यायचा. त्याचा कायदा पाहायला गेलं तर सगळाच चोरीचा मामला. पण निम्म्या गावाचा स्मार्टफोन कित्येक वर्षं इंटरनेटशिवाय चालला तो याच्या जिवावर. पुढे ब्लूटूथच्या जागी शेअरइट आणि झेंडर आले आणि चारचौघांत बसल्या बसल्या सिनेमे या फोनमधून त्या फोनमध्ये जाऊ लागले. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यांत ही दोन्ही होती आणि स्वस्त फोनवर हलकं चालणारं यूसी ब्राउझरही.

मराठी वाचायची खटपट निराळी. गॅलक्सी वायच्या काळातल्या कित्येक फोनांत देवनागरी म्हणजे रिकामे चौकोन, नाहीतर जागा चुकलेल्या वेलांट्या. यावर पोरांनी शोधलेला उपाय ऑपेरा मिनीच्या आडबाजूच्या सेटिंगमध्ये दडलेला होता. तिथे अवघड लिप्यांसाठी अक्षरांऐवजी चित्र मागवायचा पर्याय असायचा. तो चालू केला की मराठी वर्तमानपत्रं वाचता यायची, डेटा जरा जास्त जायचा इतकंच. लिहायचं मात्र रोमन अक्षरांतच. त्यामुळे एका अख्ख्या पिढीने आपली पहिली प्रेमपत्रं इंग्रजी लिपीतल्या मराठीत लिहिली आणि 'ळ'ची पंचाईत करून घेतली. आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेल्या काही तरुणांनी अँड्रॉइडवर भारतीय भाषांची स्वतःची प्रणाली उभी केली. २०१५ मध्ये ती मायक्रोमॅक्सच्या युनाइट ३ या फोनवर आली आणि पुढे इंडस ओएस नावाने ओळखली गेली. अँड्रॉइडच्या यादीत मराठी आली ती २०१४ च्या लॉलीपॉप आवृत्तीत, पण स्वस्त फोनवर ती आवृत्ती पोचायला नवा फोनच घ्यावा लागायचा. गूगलचं मराठी बोलून टाइप करणं ऑगस्ट २०१७ मध्ये सुरू झालं. लिहायचा कंटाळा असलेल्या आजोबांना याचा सगळ्यात जास्त आनंद झाला.

स्वस्ताईची शर्यत टोकाला गेली तेव्हा तिचं हसंही झालं. ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्सने फायरफॉक्सच्या प्रणालीवरचा क्लाउड एफएक्स १,९९९ रुपयांना आणला. स्मार्टफोन म्हणावा तर तो म्हणण्यापुरताच होता. पुढच्याच महिन्यात गूगलने दिल्लीत अँड्रॉइड वनचा गाजावाजा केला, ६,३९९ रुपयांपासून. तो फारसा चालला नाही. आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये नोएडाच्या रिंगिंग बेल्स कंपनीने फ्रीडम २५१ जाहीर केला: स्मार्टफोन, किंमत २५१ रुपये. अनावरणाला मुरली मनोहर जोशी हजर होते. नोंदणीसाठी इतकी झुंबड उडाली की संकेतस्थळ कोसळलं. पत्रकारांना दाखवायला दिलेल्या फोनवर दुसऱ्याच कंपनीचं नाव पांढऱ्या रंगाखाली लपवलेलं निघालं. मुंबईचे तेव्हाचे खासदार किरीट सोमय्या यांनी हा घोटाळा असल्याची तक्रार केली. वर्षभराने फसवणुकीच्या तक्रारीवरून कंपनीच्या संचालकाला अटक झाली. पैसे भरणाऱ्यांना भोळं म्हणून सोडून देणं सोपं आहे, पण त्याआधी तेरा वर्षं याच देशात ५०१ रुपये भरून खरोखर फोन घरी आला होता, हे ते विसरले नव्हते.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि डेटाचे भाव कोसळले. पण जिओचं नेटवर्क फक्त फोरजीचं. त्यावर बोलायलाही फोरजी फोनच लागायचा, त्यामुळे कालपर्यंत धडधाकट असलेले थ्रीजी फोन एका झटक्यात म्हातारे झाले. ज्यांना नवा स्मार्टफोन परवडत नव्हता त्यांच्यासाठी २०१७ मध्ये बटनांचा जिओफोन आला. १,५०० रुपये अनामत, तीन वर्षांनी परत. त्यावर व्हॉट्सॲप यायला सप्टेंबर २०१८ उजाडलं. इकडे फुकट डेटाने फोनच्या पोटाची जुनी व्यथा उलटी केली. आधी ॲप टाकायला जागा नव्हती, आता आलेलं सामान ठेवायला जागा नव्हती. गूगलच्या लोकांना भारतीय फोन का तुंबतात याचा तपास करताना सापडलं ते सुप्रभात: फुलं, चहाचा कप, देवाचा फोटो आणि खाली दोन ओळींचा सुविचार, रोज सकाळी प्रत्येक ग्रुपवर. डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या फाइल्स गो या ॲपला अशी चित्रं ओळखून एकगठ्ठा काढायला शिकवण्यात आलं. त्याच महिन्यात एक जीबी वा कमी रॅमच्या फोनांसाठी अँड्रॉइडची 'गो' आवृत्ती आली. नंतर अँड्रॉइड १३ ने याच हलक्या आवृत्तीसाठी किमान दोन जीबी रॅमची अट घातली. हलक्याचंही वजन वाढतं.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि फोन हा खर्च न राहता दप्तर झाला. महाराष्ट्राच्या शिक्षण विभागाने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला व्हॉट्सॲपवरून पालकांना धाडली. प्रथम संस्थेच्या असर पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलांपैकी स्मार्टफोन असलेल्या घरातली मुलं २०१८ मध्ये ३६.५ टक्के होती, ती २०२० मध्ये ६१.८ टक्के झाली. आकडा घराचा आहे, मुलाचा नव्हे. घरात फोन एक, मुलं दोन, आणि फोन दिवसभर बापाच्या खिशात, हे चित्र आकड्यात दिसत नाही. सिंधुदुर्गात कणकवली तालुक्यातल्या दारिस्ते गावची एक विद्यार्थिनी रेंजसाठी डोंगरावर खोपटं बांधून तिथे पावसात तास ऐकत होती. पालघरच्या आदिवासी पट्ट्यात काहींनी फोनचा नादच सोडला आणि कर्णे लावून शाळा भरवली. फोनवाल्या शाळेपेक्षा ती बरी चालली असेल, अशी शंका घ्यायला जागा आहे.

नेमक्या गरजेच्या काळातच फोन महागला. १ एप्रिल २०२० पासून मोबाइलवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. त्यात चिपांची टंचाई. गूगलच्या साथीने बनवलेला जिओफोन नेक्स्ट २०२१ च्या गणेश चतुर्थीला येणार होता, तो दिवाळीवर गेला आणि आला तेव्हा किंमत ६,४९९ रुपये होती. म्हणजे सात वर्षांपूर्वीच्या रेडमीपेक्षा जास्तच.

याच वर्षी महाराष्ट्रात एक निराळीच गोष्ट घडली. लोकांनी मिळालेले फोन सरकारला परत केले.

अंगणवाडी सेविकांकडे पूर्वी दहा-अकरा रजिस्टरं असत: बाळांची वजनं, लसीकरण, गरोदर बाया, पोषण आहार. पोषण अभियानात २०१९ मध्ये राज्यात एक लाखाहून जास्त फोन वाटले गेले आणि रजिस्टरांतलं काम ॲपवर आलं. फोन दोन जीबी रॅमचे होते. दोन वर्षांत त्यांचं तेच झालं जे अशा फोनांचं होतं. तापायचे, अडकायचे, बॅटरी उतरायची. वॉरंटी संपली आणि दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या मानधनातून जाऊ लागला. अशातच मार्च २०२१ मध्ये केंद्राने जुन्या ॲपच्या जागी पोषण ट्रॅकर हे नवं ॲप आणलं. ते या फोनवर धड उतरेना, आणि उतरलं तर त्यात मराठी नाही. ज्या बाईने वीस-वीस वर्षं मराठीत सुवाच्य अक्षरात रजिस्टर भरलं, तिने बाळाचं नाव इंग्रजीत टाइप करायचं आणि ॲप फिरत बसलं की आपल्या घरच्या फोनवरून परत भरायचं. ऑगस्ट २०२१ मध्ये सेविकांच्या संघटनांनी मोबाइल वापसी आंदोलन पुकारलं. बालविकास प्रकल्प कार्यालयांत फोनांचे ढीग लागले. काही ठिकाणी अधिकारी घ्यायला तयार नव्हते, तरी बायांनी ठेवलेच. रजिस्टरं पुन्हा उघडली गेली. फेब्रुवारी २०२३ च्या संपातही मानधनवाढीसोबत नव्या मोबाइलची मागणी होती.

मोबाइल वापसीच्याच महिन्यात, १५ ऑगस्ट २०२१ ला, राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. तलाठ्याने करायची पिकाची नोंद आता शेतकऱ्याने बांधावर उभं राहून, फोटो काढून ॲपमध्ये करायची. कल्पना चांगली होती. पण त्यासाठी लागणारा चालता जीपीएस, शाबूत कॅमेरा आणि शेतातली रेंज यांतलं एकही सरकार देत नव्हतं. एका फोनवरून अनेक शेतकऱ्यांची नोंद करायची सोय ठेवली, म्हणून गावातल्या ज्या पोराचा फोन धड चालतो त्याच्या दारात रांग लागली. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या अर्जांसाठी नारीशक्ती दूत ॲप आलं, तेव्हा रांग पुन्हा त्याच दारात होती.

जुने फोन यातून गुपचूप बाहेर पडत गेले. १ फेब्रुवारी २०२० पासून अँड्रॉइडच्या २.३.७ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांवर व्हॉट्सॲप चालेनासं झालं. गॅलक्सी वाय त्यातच गेला. फोन सुरू होत होता, वाजत होता, पण त्याच्यावर आता कुणी भेटत नव्हतं. त्यानंतरच्या फोनांचीही पाळी एकेक करून येत राहिली. बँकेचं ॲप आधी रुसतं, मग बाकीची.

घरातला जुना फोन आईला, गड्याला किंवा कामाच्या मावशींना देण्याआधी त्यावर त्यांच्या बँकेचं ॲप उघडतं का, एवढं तरी पाहावं. आणि लोकांच्या फोनवर सरकारी काम टाकणाऱ्या प्रत्येक खात्याने निविदेत एक अट घालावी: दोन जीबी रॅमचा, तीन वर्षं वापरलेला, स्टोरेज भरलेला फोन घेऊन खेड्यातल्या रेंजवर हे ॲप मराठीत चालवून दाखवा, मगच बिल मंजूर होईल.